मानेवरची नाल

मराठीत मान ती असते आणि मान तोही असतो. ती खांद्यावर असते, तो डोक्यात असतो. ती अवघडली तर तेल चोळून मोकळी होते. तो अवघडला तर पिढ्या जातात, सुटत नाही. ट्रेलरवाल्यांनी त्यात आपली तिसरी भर घातली. जड यंत्रं वाहणारा तो बुटका, लांबलचक ट्रेलर तुम्ही पाहिला असेल. त्याचा पुढचा भाग हत्तीसारखा वर उचललेला असतो आणि पुढच्या इंजिनाच्या गाडीवर टेकलेला असतो. मागचं निम्मं ओझं त्या वाकड्या भागावरून पुढं जातं. त्याला ती माणसं म्हणतात मान. दिघीच्या हिरामण वेल्डरचं आयुष्य या तिन्हींच्या मध्ये असं काही सापडलं की अजून त्याला धड वर बघता येत नाही.

हिरामण मूळचा पेणच्या खारेपाटातला. बाप मिठागरात राबायचा. घरात बोलायची पद्धतच नव्हती. बाप रागावला की ताट पुढं सरकवून उठायचा, आई रागावली की भाकरी जोरात थापायची, आणि तेवढ्यावरून ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. हिरामण त्याच पिठाचा. हात सोन्याचा, तोंड कारल्याचं. गिऱ्हाइकानं चुकून विचारलं, की बाबा असं का करतोस, तर हा म्हणणार, काम करून पाहिजे ना, मग गप बस. लोक गप बसायचे, कारण याचा टाका तुटत नसे. पण गप बसलेल्या माणसाला काही कळलेलं नसतं, हे या शहाण्याच्या कधी ध्यानात आलं नाही.

तरुणपणी तो धरमतरच्या खाडीकाठी एका यार्डात लागला होता. तिथं बंदरावरच्या क्रेनचे लांब हात बनवायचे. या हातांना साधं लोखंड चालत नाही. तिथं त्याला पहिल्यांदा पाणी पाजलेला पत्रा भेटला. श्रीवर्धनकडं सुपारीच्या बागेत चढणाऱ्यांचे कोयते असतात ना, लोहार ते लाल करून पाण्यात बुडवतो आणि मग पुन्हा जरा ऊब दाखवतो. नुसता बुडवला तर कोयता काचेसारखा फुटेल, ऊब जास्त झाली तर मऊ पडेल. या पत्र्याचंही तेच, फक्त ते कारखान्यातच करून येतं. साध्या पत्र्याच्या दुप्पट-तिप्पट ताकद, म्हणून निम्म्या जाडीत भागतं आणि गाडी हलकी होते. पण पत्रा मोठा मानी. वेल्डिंग करताना त्याला फार तापवलं तर पाजलेलं पाणी उतरतं. आणि थंड असताना घाईनं टाका मारला तर तो वरून हसतो आणि आतून फाटतो.

हे हिरामणला तिथल्या रुचिका मॅडमनी शिकवलं. वेल्डिंगची इंजिनिअर, वयानं याच्यापेक्षा लहान. ती पहिल्यांदा बोलायला लागली तेव्हा यानं हसण्यावारी नेलं. पत्र्याला नखरे असतात होय, म्हणाला. तिनं वाद घातला नाही. जाड पत्र्याचा एक तुकडा आणला, सकाळपासून उघड्यावर पडलेला वेल्डिंगचा एक रॉड दिला आणि सांगितलं, यावर एक नट चिकटव. हिरामणनं झोकात टाका मारला, बोटानं टिचकी मारली आणि म्हणाला की याला आता हत्ती बांधा. मॅडमनी तुकडा फळीवर ठेवून दिला. दोन दिवसांनी खाली काढला आणि त्याच्याच हातात हातोडी दिली. एका घावात नट उडाला, आणि नुसता नट नाही, खालच्या पत्र्याची खपली घेऊन उडाला.

मग ती सांगत बसली. टाका एवढासा, पत्रा एवढा मोठा. टाक्याची ऊब तो पत्रा एका घोटात पिऊन टाकतो आणि तेवढीच जागा पुन्हा कडक होते, तिला नंतर ऊब दाखवणारं कुणी नसतं. त्यात दमट रॉडमधल्या पाण्याचा वायू होऊन आत शिरतो आणि तो गप बसत नाही. वेल्डर पगार घेऊन घरी गेलेला असतो, तेव्हा कुठं आत चीर पडते. "लहान टाका म्हणून लहान चूक, असं या पत्र्यात नसतं," मॅडम म्हणाली. हिरामणनं त्या दिवशी कानाला खडा लावला.

पुढं दिघीचं बंदर वाढलं, ट्रेलर यायला लागले आणि हिरामण यार्ड सोडून इकडं आला. बंदराच्या रस्त्याला शेड टाकलं. रॉड भाजायला एक लहानसा ओव्हन आणला. समुद्राची हवा सगळं ओलं करते, म्हणून रॉड आधी भाजायचे, मग गरम डब्यातून एकेक काढायचा, पत्रा टॉर्चनं हात लावू देणार नाही इतका तापवून घ्यायचा, बारीक सरळ रेघा ओढायच्या, आणि काम झाल्यावर दोन दिवस गाडीला ओझं लावू द्यायचं नाही. सगळी दिघी त्याची चेष्टा करायची. कुणी म्हणे खेकडे-चिंबोऱ्या घेऊन जा हिरामणकडं, भाजून देतो. हिरामण उत्तर देत नसे. का भाजतो ते सांगतही नसे.

शिवदास त्याचा लहानपणचा जोडीदार. खारेपाटाच्या बांधावर दोघांनी मिळून इतक्या उचापती केल्या की एकाच्या बापानं दुसऱ्याला मारल्याचं कुणाला नवल वाटत नसे. पुढं हिरामणनंच मध्ये पडून आपली धाकटी बहीण मैना त्याला दिली. दोस्त होता तोवर शिवदासला काहीही बोललेलं चालायचं. जावई झाल्यावर तोंडाला लगाम घालायला हवा होता. तो हिरामणला जमला नाही, आणि शिवदासही दोस्तीचं सोयीनं लक्षात ठेवी आणि जावईपणाचं कधी विसरत नसे.

शिवदासनं तसलाच बुटका, जुना लो-बेड ट्रेलर घेतला आणि बोर्लीला बिऱ्हाड केलं. ट्रेलर चांगला होता, मान त्याच पाणी पाजलेल्या पत्र्याची. हिरामणनं पहिल्याच दिवशी गाडीखाली शिरून सगळं चाचपून पाहिलं आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाला, "मानेला कुणाचा हात लागू देऊ नको." का, ते नाही सांगितलं. शिवदासला वाटलं, मेव्हणा धंद्याचं बोलतोय, काम दुसरीकडं जाऊ नये म्हणून. तो हसला. येता-जाता शेडसमोर दोनदा हॉर्न मारायचा आणि हिरामण तोंडासमोर धरलेल्या वेल्डिंगच्या काळ्या काचेच्या आडून हात वर करायचा. चांगलं चाललं होतं दोघांचं.

मग ती नाल आली. मैना फेरीबोटीनं आगरदांड्याला उतरून मुरूडला कुणाच्या हळदीला गेली होती. तिथं वाळूत तिला घोडागाडीच्या घोड्याची गळालेली नाल सापडली. गाडीला नाल लावतात ते तुम्हाला ठाऊक आहे. पण विकत आणलेली नाल चालत नाही, ती आपणहून सापडावी लागते. मैनेला तर लाखाचं धन सापडल्यासारखं झालं. तिनं ती धुऊन देव्हाऱ्यात ठेवली आणि भाऊबीजेची वाट पाहत बसली.

भाऊबीजेला हिरामण बोर्लीला गेला. घरात शिवदासचे दोन भाऊ, एक चुलते, त्यांची माणसं. पाट मांडला, मैनेनं ओवाळलं आणि ताटात काही पडायच्या आधीच म्हणाली, "या वर्षी मना साडी नको, दादा. नाल लावून दे. मानेवर, तुज्या हातानं."

हिरामण म्हणाला, नाही जमणार. तिला वाटलं, नेहमीसारखी चेष्टा. तो म्हणाला, बंपरला लाव, तारेनं बांध, मानेवर नाही. शिवदास म्हणाला, गाडीचा जीव मानेत असतो, नाल तिथंच पाहिजे. भाऊ म्हणाले, एवढीशी नाल, चार टाके, त्यात काय. चुलते म्हणाले, बहिणीची ओवाळणी आहे.

इथं, अगदी इथंच, या माणसानं यार्डातल्या त्या नटाची गोष्ट सांगायची होती. एक कप चहा होईतो सांगून झाली असती. शिवदास काही अडाणी नव्हता, लोखंडावर पोट भरणारा माणूस, त्यानं ऐकलं असतं. पण सांगणं हिरामणच्या कुळात नव्हतं. त्याला राग आला तो याचा, की एकदा नाही म्हटल्यावर हे लोक विचारतातच कसे. तो म्हणाला, "गाडी घेतली म्हनून लोखंड कलत नाय, शिवा. एवडी हौस हाय तर नाल गल्यात बांदून फिर."

शिवदासचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "बहिनीनं एक गोष्ट मागितली ती देत नाय," तो म्हणाला, "आनि वर माज्या घरात, माज्या मानसांसमोर मनाच हलकं करतोस?" मग शब्दानं शब्द वाढला. लग्नातलं निघालं, लग्नाच्या आधीचं निघालं, कुणाच्या बापानं कुणाला काय म्हटलं होतं तेही निघालं. शेवटी हिरामणनं बापासारखंच केलं. ताट पुढं सरकवलं आणि उठला. मैना निरांजन हातात धरून तशीच उभी होती, तिच्याकडं त्यानं पाहिलंही नाही.

नाल लागली ती येसाजीच्या हातानं. म्हसळ्याच्या रस्त्याला त्याचं दुकान. येसाजी वाईट माणूस नाही, दारं-खिडक्या, गेट, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड, असली कामं करणारा. नाल ठेवली, चार कोपऱ्यांना चार टाके मारले, चहा निवायच्या आत मोकळा. त्याला त्या पत्र्याचं काही ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो रुसून घरी बसला होता, तेव्हा येसाजीला बोल लावायचा कुणी?

पुढच्या आठवड्यात ट्रेलर शेडसमोरून गेला. हॉर्न वाजला नाही. हिरामणनं काच वर केली आणि मानेवरची नाल पाहिली. पाहताच तो घाबरला, हे खरं. पण त्या भीतीच्या मागोमाग दुसरंही काही आलं, तेही सांगायला हवं. त्याला बरं वाटलं. आता कळेल म्हणावं, आता येईल नाक घासत, तेव्हा बघू. माणूस आपल्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल असं म्हणू शकतो का? म्हणू शकतो, म्हणतात माणसं, आणि मग जन्मभर ते आठवत बसतात.

अबोला धरला गेला. आमच्याकडं अबोला एकदा धरला की तो सांभाळायला माणसं जितकी मेहनत घेतात तितकी शेतीला घेत नाहीत. शिवदास डिझेल भरायला पलीकडच्या पंपावर जायला लागला. हिरामण एका लग्नाला गेला नाही, कारण तिथं शिवदास येणार होता. शिवदासही गेला नाही, कारण तिथं हिरामण येणार होता. हिरामणची बायको राही समजूतदार बाई. ती म्हणायची, आपण मुलीकडचे, वाकायचं आपणच, एक फोन करा, मैना तिकडं तोंड पाडून बसलीय. हिरामण म्हणायचा, त्यानं हॉर्न बंद केला, सुरू त्यानंच करायचा. शिमगा गेला, पाऊस आला, गणपती येऊन गेले. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, त्यातली गत.

पाऊस सरता सरता एका सकाळी हिरामण बंदराच्या नाक्यावर चहाला गेला. टपरीच्या बाहेर शिवदासचा ट्रेलर रिकामा उभा होता आणि शिवदास आत बाकावर, रस्त्याकडं पाठ करून. हिरामण मानेजवळून चालला होता. त्याची नजर नालेवर गेली, आणि तो थांबला. एका टाक्याच्या कडेनं पिवळा रंग केसाएवढा फाटला होता आणि त्या फटीतून गंजाचा तांबूस ओघळ खाली उतरला होता. त्यानं अंगठ्यानं ओघळ पुसला. खाली रेघ होती. रेघ टाक्यापाशी संपत नव्हती, ती खाली मानेच्या पत्र्यात उतरली होती. वरवरचा गंज असा ओघळत नाही. आत चीर असली, गाडी चालताना ती उघडमीट होत असली, तरच तो असा बाहेर येतो. हिरामणला हे वाचायला दिवा लागत नव्हता.

तो टपरीत शिरला. "शिवा, मान चिरलीय," एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. ते गळ्यापर्यंत आले होते, खोटं नाही सांगत. शिवदासनं मान फिरवून त्याला येताना पाहिलं आणि बाकावर आणखी आत वळून बसला. झालं. हिरामणनं तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरली. चहा न घेताच मोटारसायकलला किक मारली आणि निघून आला.

घरी येऊन त्यानं राहीला काही सांगितलं नाही. का, ते ऐका. सांगितलं असतं तर तिनं लगेच मैनेला फोन केला असता. तो फोन होऊ नये म्हणून हा गप्प राहिला. मनाची समजूत घालायला त्याला कारणं बक्कळ सापडली. सध्या शिवदासला हलकीच कामं आहेत. गाडी त्याची आहे, त्यालाही डोळे आहेत. आणि दसरा तोंडावर आलाय. दसऱ्याला सोनं द्यायला जाऊ, सोनं देताना कुणी कुणाला तोडत नाही, तेव्हा सांगू. हा शेवटचा विचार त्याला इतका आवडला की त्या रात्री त्याला शांत झोप लागली. त्या झोपेचा त्याला आजही राग येतो.

दसऱ्याच्या आधीच शिवदासला पोकलेन न्यायचं काम आलं. म्हसळ्याच्या पुढं चढाला गाडीखालून ठाक् असा आवाज झाला. शिवदासनं गाडी थांबवली, चाकांना दगड लावले आणि मानेखाली वाकून पाहायला गेला. तो वाकलेला असतानाच मान तुटली. माणूस वाचला, डावा पाय गेला. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यांनी त्याला बाहेर काढलं, पनवेलच्या इस्पितळात नेलं, तिथं डॉक्टरांनी पाय गुडघ्याखालून काढला.

हिरामण आधी इस्पितळात गेला नाही. त्याची हिंमत झाली नाही. तो चढावर गेला. तुटलेली मान रस्त्याकडेला पडली होती. त्यानं तुटलेली कड पाहिली. टाक्याच्या बुडाशी अर्ध्या सुपारीएवढा डाग, जुन्या गंजानं काळा पडलेला. बाकी सगळा पत्रा ताजा, करडा, चमकणारा. काळं होतं ते कितीतरी महिन्यांत हळूहळू फाटत आलेलं. चमकत होतं ते काल एका दमात गेलेलं. म्हणजे टपरीवर अंगठा लावला तेव्हा हा काळा डाग तिथं आत होता आणि बाकीची सगळी मान धड होती. वाचवण्याजोगी होती. हिरामण तिथं रस्त्यावर बसला आणि रडला. बैल गेला नि झोपा केला म्हणतात, तसलं ते रडणं. त्याचा कुणाला उपयोग नव्हता, पण आवरेना.

शिवदास घरी आला. हिरामण इस्पितळात दोनदा जाऊन आला होता, पण दारातून, चारचौघांत, बोलणं न होता. घरी जायचं तो टाळत होता. मग एक दिवस राही बोर्लीहून आली आणि पिशवी खाली न ठेवताच सांगायला लागली, की मैनेची दशा बघवत नाही. भेटायला येणारा जो तो नालेचं विचारतो, आणि मैना प्रत्येकाला सांगते की माझ्या हट्टानं झालं, मीच आणली, मीच लावायला लावली. सासरची माणसंही आता तेच म्हणायला लागलीत. चुलतसासू तर तोंडावर म्हणाली, की पडलेली वस्तू घरात आणायचीच कशाला, काय कुणाचं मागं लागून आलं कोण जाणे. मैना रोज उपास करते. देव्हाऱ्यासमोर बसते आणि पुटपुटत राहते. राही म्हणाली, तिला वाटतंय तिनं नवऱ्याचा पाय खाल्ला.

हे ऐकल्यावर हिरामणला घरात बसवेना. पायाचं काही करता येणार नव्हतं. पण बहिणीच्या डोक्यावर जे ओझं ठेवलं गेलं होतं ते तिचं नव्हतं, आणि ते कुणाचं आहे हे सांगणारा एकच माणूस आहे असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो बोर्लीला गेला. शिवदास खाटेवर होता, चादर अंगावर. घरात बाकी कुणी नव्हतं. मैनेनं चहा केला, दोघांच्या हातात कप दिले आणि आत निघाली. हिरामण म्हणाला, मैना, बस जरा. ती दाराला टेकून बसली. फार वाळली होती.

मग हिरामणनं ती गोष्ट सांगितली. यार्ड, मॅडम, तो पत्र्याचा तुकडा, नट, दोन दिवस, हातोडी. एवढासा टाका त्या पत्र्याला काय करतो, ते सगळं. भाऊबीजेला सांगायची गोष्ट त्यानं इतक्या उशिरा सांगितली, आणि खरंच, कपातला चहा निवायच्या आत ती संपली. मैना ऐकत होती. तिला पत्र्यातलं किती कळलं कोण जाणे, पण तिनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. तो म्हणाला, नाल बंपरला लावली असती तर काही झालं नसतं. नालेचा दोष नाही. तुझाही नाही. मी सांगितलं नाही, हा दोष आहे.

आणि मग खालच्या मानेनं म्हणाला, "चीर मी पायली होती. पाऊस सरताना, टपरीवर. अंगठा लावून पायली. आनि बोललो नाय."

मैनेनं नवऱ्याकडं पाहिलं. तिला वाटलं असेल, हा आता उठून भावाचा गळा धरेल. पाय नसला तरी हात होते. शिवदास वर छताकडं पाहत होता.

"मी पन पायली होती," तो म्हणाला.

हिरामणनं मान वर केली. शिवदास तसाच वर पाहत सांगत गेला. गणपतीच्या आधी गाडी धुताना दिसली होती. त्याला वेल्डिंगमधलं कळत नसलं तरी गाडीचा ओघळ कळत होता. येसाजीकडं परत न्यायला जीव धजेना, कारण हिरामणचे ते शब्द आठवायचे, मानेला कुणाचा हात लागू देऊ नको. एका सकाळी गाडी शेडकडं वळवलीही होती. हिरामण काच लावून काम करत बसलेला होता, त्यानं वर पाहिलं नाही. शिवदासला वाटलं, बघून न बघितल्यासारखं करतोय. गाडी तशीच पुढं नेली. मग टपरीवर हिरामण आला तेव्हा त्याला पक्कं वाटलं होतं की आता हा बोलेल. त्यानं आधी बोलावं म्हणून पाठ केली. चढाला आवाज झाला तेव्हा कुठं बघायचं ते शोधावं लागलं नाही, तो म्हणाला, सरळ तिथंच वाकलो.

बाहेर कुणाच्या तरी सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या, त्यांच्यावरून कोंबड्या हाकलल्याचा आवाज तेवढा आला.

"नीट कराला किती टाइम लागला असता?" मैनेनं विचारलं.

विचारलं भावाला. आणि कामाचं विचारलं की उत्तर आपोआप येतं, तसं हिरामणच्या तोंडून आलं. नाल उडवायची, चीर मुळापासून खरवडून काढायची, पत्रा तापवायचा, भरायचं. "अर्दा दिवस," तो म्हणाला. आणि सवयीनं पुढं म्हणाला, "वर दोन दिवस गाडी उबी."

मैना उठली. तिनं शिवदासच्या हातातला कप घेतला, मग हिरामणच्या हातातला. त्यातला चहा तसाच होता. ती रडत नव्हती, आणि ओरडतही नव्हती. ओरडली असती तर दोघांनाही सोसलं असतं.

"मी रोज देवापुडं नाक घासतेय," ती म्हणाली, "का माज्या नालेनं असं का केलं म्हनून. नालेला तोंड नव्हतं. तुमा दोघांना होतं."

ती आत गेली. दोघंही तिच्या पाठमोऱ्या अंगाकडं पाहत राहिले.